रात्रीची पंधरा मिनिटं: आत्मपरीक्षण कसं करावं, दिवसभर जागं कसं राहावं

प्रभुभोजनाच्या रविवारी पाळकसाहेब करिंथकरांस पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय उघडतात. प्रत्येकाने आधी स्वतःला पारखावं आणि मगच त्या भाकरीतून खावं, हे पौलाचं सांगणं वाचून होतं आणि मंडळीला थोडी शांतता दिली जाते. किती? पाऊण मिनिट, फार तर एक. तेवढ्यात कुणाला घरी शिजायला टाकायचं मटण आठवतं, कुणाचं लक्ष पुढच्या बाकावरच्या साडीकडे जातं. ज्याला खरोखर स्वतःला तपासायचं असतं त्याच्या मनात येतं एवढंच, "प्रभू, मी पापी आहे." ते खरंच आहे. पण इतकं ढोबळ की त्यावर उद्या सकाळी करण्यासारखं काही उरत नाही. महिन्याभराचा हिशेब एका मिनिटात होत नसतो. रोज रात्री थोडा थोडा मांडलेला असेल तरच त्या मिनिटाला काही अर्थ.

ही रोजची मांडणी कशी करायची, ते या लेखात सविस्तर लिहितो आहे. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही नाही. घरगुती प्रार्थनासभेत लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. पद्धती माझ्या नाहीत. एक चौथ्या शतकात मिसरच्या वाळवंटात राहिलेल्या संन्याशाची, एक सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश सरदाराची, एक अठराव्या शतकातल्या इंग्रज उपदेशकाची. तिघांच्या मंडळ्या वेगळ्या, शिकवणीतही फरक. तरी कॅथलिक, प्रोटेस्टंट कुणालाही यांतलं बरंचसं वापरता येतं.

माझं स्वतःचं म्हणणं एकच आहे. देवावरून लक्ष उडवणारी गोष्ट बहुतेक वेळा पाप नसते. ती कामाची असते, घरची असते, पुष्कळदा चर्चचीच असते. त्यामुळे पापांची यादी घेऊन बसलं तर ती सापडत नाही. दिवस घेऊन बसलं तर सापडते.

आधी हे ओळखा: कशापासून जागं राहायचं?

लूकच्या एकविसाव्या अध्यायात येशू शिष्यांना सावध करतो की अंतःकरण जड होऊ देऊ नका. कशाने जड होतं? खादाडीने, दारूच्या धुंदीने आणि संसाराच्या चिंतांनी. तिन्ही एका ओळीत. पहिल्या दोन्हींवर आपण भरपूर उपदेश ऐकतो. तिसरीला आपण जबाबदारी म्हणतो आणि तिचं कौतुकही करतो. पेरणाऱ्याच्या दाखल्यातली काटेरी झुडपंही हीच: प्रपंचाची चिंता आणि पैशाचा मोह. तिथे वचन उगवत नाही असं नाही. उगवतं, पण गुदमरतं.

येशूला घरी पाहुणा म्हणून बोलावणाऱ्या मार्थाचं उदाहरण तर सगळ्यांना पाठ आहे, पण एक गोष्ट नजरेतून सुटते. ती स्वयंपाक करत होती तो येशूसाठीच. म्हणजे सेवाच चालली होती. त्या सेवेच्या दगदगीत समोर बसलेला पाहुणाच दिसेनासा झाला.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाईंचं घ्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. आणि बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, ख्रिस्त सापडलेला नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी हे उघडपणे लिहिलं. विचार करा, ही बाई काही मौजमजेत गुरफटलेली नव्हती. शास्त्र वाचत होती, विधवांना आसरा देत होती, त्यापायी समाजाच्या शिव्या खात होती. तरीही थांबून स्वतःला विचारलं तेव्हा हे उत्तर आलं. मग आपण, जे दर रविवारी कॉयर, तरुण संघ आणि पास्टोरेट कमिटीच्या मीटिंगा यांत बुडालेले असतो, त्यांनी विचारायला काय हरकत आहे?

पायरी पहिली: वेळ ठरवा, जागा ठरवा, फोन बाहेर ठेवा

इग्नेशियस लोयोला हा लढाईत पाय मोडून अंथरुणाला खिळलेला सरदार पुढे येशूसंघाचा, म्हणजे जेझुइटांच्या संघाचा, संस्थापक झाला. त्याने साधनेचं जे पुस्तक लिहिलं त्याला १५४८ मध्ये पोपची मान्यता मिळाली. त्यात आत्मपरीक्षणाच्या दोन वेळा आहेत, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर. नोकरदाराला दुपारची जमली नाही तरी चालेल, रात्रीची सोडू नये.

पंधरा मिनिटं पुरतात. अर्धा तास ठरवाल तर आठवड्यात बंद पडेल.

जागेचा प्रश्न खरा आहे. वन-रूम-किचनमध्ये एकांत मागणं म्हणजे चैन. भांडी आवरून झाल्यावर ओट्याशी स्टूल ओढून बसा, जिन्यात बसा, गॅलरीत उभे राहा. विरारची गाडी पकडणाऱ्याला परतीच्या प्रवासात खिडकी मिळाली तर तीही जागा आहे. फक्त अंथरुणात पडून करू नका. चौथ्या स्तोत्रात अंथरुणावर मनाशी बोलायला सांगितलंय हे मला माहीत आहे, पण स्तोत्रकर्ता दिवसभर लोकलला लटकलेला नव्हता. तुम्ही कृतज्ञतेपर्यंत पोचाल आणि घोरायला लागाल.

फोन दुसऱ्या खोलीत, खोली एकच असेल तर पिशवीत. बायबल कागदाचं घ्या. फोनमधल्या बायबलवर वचन शोधताना वरून येणारा मेसेज काय आहे ते "फक्त बघतो" म्हणून पंधरातली अकरा मिनिटं जातात. एक साधी वही आणि पेन, एवढंच सामान.

पायरी दुसरी: आधी धन्यवाद

इग्नेशियसच्या पाच टप्प्यांत पहिला टप्पा पापाचा नाही, उपकारांचा आहे. हा क्रम पाळा. आपल्याकडच्या कितीतरी जणांना आत्मपरीक्षण म्हटलं की लगेच छाती पिटायची सवय असते. पण ज्याने आज काय दिलं हे आठवलेलं नाही, त्याच्याशी आपण कुठे बेइमानी केली हेही नीट दिसत नाही.

"सर्व आशीर्वादांबद्दल तुझे आभार" हे वाक्य या पंधरा मिनिटांपुरतं बंद ठेवा. आजच्याच दोन-तीन गोष्टी, नावानिशी. शेजारच्या काकूंनी सकाळी मुलीला शाळेत सोडलं. साहेबांनी रजा मंजूर केली. वडिलांची शुगर आज ठीक आली. नेमकं सांगायचं तर दिवस आठवावा लागतो, आणि पुढच्या कामाची अर्धी तयारी तिथेच होते.

पायरी तिसरी: उजेड मागा

स्तोत्र १३९ च्या शेवटच्या दोन ओळी वाचा. दावीद म्हणतो, देवा, तूच माझं अंतःकरण तपास, वाईट वाट असेल तर दाखव आणि सनातन मार्गाने ने. तपासणारा दुसरा आहे. ही मिनिटभराची पायरी वगळली की उरतं ते निव्वळ स्वतःचं स्वतःवर खटला चालवणं. आपणच फिर्यादी, आपणच वकील, आपणच न्यायाधीश. निकाल दोनच लागतात. एक तर आपण निर्दोष सुटतो, नाही तर फाशी. दोन्ही खोटे. पौल करिंथकरांना लिहितो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. तेव्हा डोळे मिटून एवढंच म्हणा, "प्रभू, आजचा दिवस तू जसा पाहिलास तसा मला दाखव."

पायरी चौथी: दिवस तासातासाने पाहा

आता खरं काम. उठल्यापासून सुरुवात करा आणि तास, जागा, माणसं या क्रमाने पुढे या. आज्ञांची यादी समोर धरू नका. खून, चोरी, व्यभिचार... नाही, नाही, नाही असं म्हणत तुम्ही दोन मिनिटांत उठाल. प्रत्येक जागी एकच विचारा: इथे माझं लक्ष कुठे होतं, आणि ते कशाने ओढलं?

एक नमुना देतो. काल्पनिक आहे, पण प्रार्थनासभेत बसणाऱ्या कुणाही शिक्षकाचा असू शकेल. वहीत एवढंच लिहिलेलं:

सकाळी ६. प्रार्थनेआधी फोन. स्टेटस पाहिले. प्रार्थना उभ्या उभ्या.
११. स्टाफरूममध्ये तिच्या बदलीचा विषय. मी एक शेरा मारला. सगळे हसले. बरं वाटलं.
४. आईचा फोन. "नंतर करतो." केला नाही.
८. कॉयर. सोलो दुसऱ्याला दिला. शेवटपर्यंत तेच डोक्यात.

चार ओळी. आज्ञांच्या यादीत यांतली नीट बसेल ती फार तर दुसरी. बाकीच्यांना कुणी पाप म्हणणार नाही. पण चारही एकाखाली एक लिहिल्यावर दुसरी आणि चौथी एकमेकींच्या बहिणी आहेत हे दिसतं. स्टाफरूममध्ये हशा हवा होता, कॉयरमध्ये टाळ्या. लोकांनी वाखाणावं ही ती ओढ. हीच ओढ सकाळी स्टेटस पाहताना कुणी कुणी माझा फोटो पाहिला यातही होती. आणि ती चर्चच्या माळ्यावर, स्तुतिगीत गाताना, सर्वांत जोरात होती. दिवसभरात एकदाही तिने पापाचा मुखवटा घातला नव्हता.

वाक्यं लांबवू नका. डायरी लिहायची नाहीये. "मी आज फार अस्वस्थ होतो कारण..." असं सुरू झालं की कारणमीमांसा येते, कारणमीमांसेतून सबब येते. काय झालं, कधी झालं, बस.

चांगलं दिसलं तर तेही लिहा. दुपारी रागाचा शब्द ओठांवर आला होता आणि गिळला, हेही परीक्षणच आहे.

पायरी पाचवी: ओढीला नाव द्या

इथे इव्हॅग्रियस कामाला येतो. इव्हॅग्रियस पाँटिकस, कॉन्स्टँटिनोपलच्या मंडळीतला नावाजलेला डीकन (पाळकाच्या खालच्या दर्जाचा सेवक), नंतर सगळं सोडून मिसरच्या वाळवंटात गेला आणि ३९९ मध्ये तिथेच वारला. त्याने मनात येणाऱ्या विचारांचे आठ प्रकार लावले: खादाडी, कामवासना, पैशाचा लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, कीर्तीची हाव आणि गर्व. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीने यात फेरफार करून जी सातांची यादी केली, तीच पाश्चात्त्य जगात रूढ झाली. मला आठांची जास्त उपयोगी वाटते, कारण तीत खिन्नता आणि कंटाळा वेगवेगळे आहेत.

कंटाळ्याचं त्याने केलेलं वर्णन तर वाचण्यासारखं आहे. हा दुष्टात्मा संन्याशाला दिवसाच्या चौथ्या तासाला, म्हणजे आपल्या दहाच्या सुमाराला, गाठतो आणि दुपारी दोनपर्यंत छळतो. सूर्य हलतच नाही असं वाटतं, दिवस पन्नास तासांचा वाटू लागतो. मग तो माणूस सारखा खिडकीकडे पाहतो. बाहेर येऊन सूर्याकडे बघतो, जेवणाच्या वेळेला अजून किती अवकाश आहे? इकडे बघतो, तिकडे बघतो, कुणी बंधू भेटायला येतोय का? मग ही जागाच वाईट, इथल्या लोकांत प्रेमच उरलं नाही, दुसरीकडे गेलो तर देवाची सेवा जास्त चांगली होईल, असे विचार सुरू होतात.

त्या माणसाच्या हातात फोन नव्हता, एवढाच फरक. ऑफिसात साडेअकराला काही काम नसताना अंगठा आपोआप स्क्रीनवर फिरतो, कुणाचा मेसेज आलाय का, काही नवीन आलंय का, ते हेच खिडकीतून बघणं. आणि "या मंडळीत आता काही राम राहिला नाही, दुसऱ्या चर्चमध्ये जाऊ" हे वाक्यही पुष्कळदा दुपारच्या कंटाळ्यातूनच येतं. क्वचित ते खरं असतं, हे मान्य.

तर वहीतल्या प्रत्येक ओळीपुढे या आठांतला एखादा शब्द लिहा. नमुन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ओळीपुढे "कीर्ती". पहिलीपुढे बहुधा "कंटाळा", आणि थोडी "कीर्ती"ही. बसत नसेल तर सोडून द्या. पंधरवड्यानंतर पानं चाळलीत तर एकच शब्द वारंवार दिसेल. तो तुमचा. प्रत्येकाचा निराळा असतो, म्हणून दुसऱ्याची लढाई उसनी घेऊन उपयोग नाही. कीर्तीच्या हावेबद्दल इव्हॅग्रियसचा एक इशारा मात्र ध्यानात ठेवा: तिला घालवायला जे कराल, तेच तिचं नवं खाद्य होतं. आपण रोज आत्मपरीक्षण करतो हे प्रार्थनासभेत सांगायची इच्छा झाली, तर समजा ती आली.

पायरी सहावी: क्षमा मागा, आणि तिथेच थांबा

योहानाच्या पहिल्या पत्रात म्हटलंय की आपण पापं पदरी घेतली तर तो विश्वासू आहे, क्षमा करतो. मागा, मिळाली म्हणून धरा, पुढे चला. माणसाशी बिघडलं असेल तर मात्र देवाजवळ मिटवून भागत नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी अर्पण ठेवून आधी भावाकडे जायला सांगितलंय. नमुन्यातल्या शिक्षकाने आईला उद्या फोन करायचा आहे, आणि स्टाफरूममधल्या त्या बाईंबद्दल जे बोलला ते तिथेच, त्याच लोकांसमोर, मागे घ्यायचं आहे. हे क्षमा मागण्यापेक्षा अवघड आहे. कॅथलिक वाचकांना पापनिवेदनाला जाताना ही वही हाताशी असल्याचा मोठा फायदा होतो, तेच ते ठरावीक पाठ केलेले शब्द म्हणावे लागत नाहीत.

या पायरीवर एक धोका आहे आणि त्याबद्दल जरा थांबून लिहायला हवं. काही माणसांचं मन हळवं असतं. त्यांना एकदा तपासायला शिकवलं की ती थांबूच शकत नाहीत. नीट कबूल केलं का, काही राहिलं का, पश्चात्ताप खरा होता का. खुद्द इग्नेशियस १५२२ मध्ये मनरेसा या गावी यातूनच गेला. जुनी पापं पुन्हा पुन्हा निवेदन करायचा, तरी समाधान नाही. जीव द्यावा असं वाटण्यापर्यंत मजल गेली. शेवटी त्याने ठरवलं की मागची पापं पुन्हा उकरायची नाहीत, आणि तिथून सुटका झाली. पुढे प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणारा मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापनिवेदन करून आपल्या गुरूला, श्टाउपिट्झला, बेजार करत असे. म्हणजे दोन्ही बाजूंच्या दोन मोठ्या माणसांना हा काटा रुतला होता.

ओळखायचं कसं? देवाचा आत्मा दाखवतो ते नेमकं असतं आणि त्यावर करण्यासारखं काही असतं: हा शब्द, त्या माणसाला, आज दुपारी. दुसरा जो आवाज असतो तो मोघम असतो, "तू असलाच आहेस." पहिल्याने माणूस उठून फोन करतो, दुसऱ्याने पांघरूण ओढून पडून राहतो. दुसराच आवाज येत असेल तर परीक्षण पाच मिनिटांवर आणा, त्यातली तीन धन्यवादाला द्या, आणि कबूल केलेलं पाप पुन्हा वहीत लिहू नका. आणि विचार थांबतच नसतील, तेच ते शब्द शंभरदा म्हटल्याशिवाय चैन पडत नसेल, झोप उडाली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा. तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. "विश्वास कमी पडतोय" असं सांगून अशा माणसाला परत पाठवणाऱ्यांनी फार नुकसान केलंय.

पायरी सातवी: उद्यासाठी एकच

दहा ठराव करू नका. एक करा, आणि तो दिसेल, मोजता येईल असा. "नम्र राहीन" हा ठराव नाही. "स्टाफरूममध्ये हजर नसलेल्या माणसाबद्दल बोलणार नाही" हा ठराव.

इग्नेशियसने यासाठी एक साधं कोष्टक दिलंय. आठवड्याच्या सात वारांसाठी रेघांच्या सात जोड्या. सकाळी उठताच ठराव आठवायचा. दिवसात घसरलात की नकळत छातीला हात लावायचा, चारचौघांतही कुणाला कळत नाही. दुपारी पहिल्या रेघेवर जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके, रात्री दुसरीवर. मग दुपारची रेघ रात्रीशी, आजचा दिवस कालशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. रविवारची रेघ सर्वांत लांब आणि पुढच्या प्रत्येक दिवसाची आखूड होत जाते, कारण ठिपके कमी होतील अशी अपेक्षा आहे. होतातच असं नाही. पहिल्या आठवड्यात तर वाढतात, कारण आधी जे दिसतच नव्हतं ते दिसू लागतं. घाबरू नका. महिनाभर तोच ठराव चालवा, मग बदला.

दिवसा जागं राहणं

रात्रीचं परीक्षण झालेलं दाखवतं. दिवसाचं काम वेगळं, ते होण्याआधीचं. गेथशेमाने बागेत येशूने शिष्यांना दोन्ही क्रिया एकत्र सांगितल्या, जागृत राहा आणि प्रार्थना करा.

शेतावर जागल करणारा माणूस माळ्यावर बसून काय करतो? रानडुकरं पिकात घुसल्यावर त्यांच्याशी झुंजत नाही. कुंपणाशी पाचोळा वाजला की डबा बडवतो. एकदा कळप आत शिरला की डबा बडवून काय, बंदूक असली तरी पीक गेलेलंच. मनाचंही तसंच. पहिला विचार येणं आपल्या हातात नाही आणि तो पापही नाही. त्याला आत घेऊन, बसवून, चहा द्यायचा की नाही, हे पहिल्या चार-पाच सेकंदांत ठरतं. रात्रीच्या वहीमुळे तुमचं कुंपण कुठे कच्चं आहे हे कळलेलं असतं, त्यामुळे दिवसभर सगळीकडे डोळ्यांत तेल घालून बसावं लागत नाही. आपल्या शिक्षकाने फक्त मधल्या सुट्टीत स्टाफरूमचं दार ढकलताना सावध व्हायचं आहे.

पाचोळा वाजला की करायचं काय? दोन जुने उपाय आहेत. एक, वचनाने उत्तर. रानात सैतानाने तीनदा परीक्षा पाहिली आणि तीनही वेळा येशूने जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकातलं वचन तोंडावर फेकलं. वाद घातला नाही. इव्हॅग्रियसने याच धर्तीवर आठ विचारांसाठी शास्त्रातली जवळजवळ ५०० उत्तरं जमवून ठेवली होती. तुम्हाला ५०० नकोत. तुमच्या त्या एका ओढीसाठी दोन वचनं निवडा, पाठ करा, डब्याच्या पिशवीत चिठ्ठीवर ठेवा. दुसरा उपाय पूर्वेकडच्या मंडळ्यांतला, श्वासाबरोबर म्हणायची छोटी प्रार्थना: "प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर." रांगेत, लिफ्टमध्ये, सिग्नलला. ओठ हलवायचीही गरज नाही.

बाकी व्यवस्था रोकड्या आहेत. सकाळच्या गजरासाठी दहावीस वर्षांपूर्वी घरोघरी असायचं तसं घड्याळ आणा, म्हणजे उठताच फोन हातात येणार नाही. सूचना बंद करा, फोन चालू ठेवा. खरं काम असेल तो माणूस फोन करेल. चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहाटे वचनाचं चित्र पुढे ढकलणाऱ्यांना एकच विनंती, ढकलण्याआधी ते वाचा. बातम्यांचे वादविवाद दिवसातून एकदा, ठरल्या वेळी. मॅच बघा, खुशाल बघा, पण मॅच संपल्यावर बंद करा. तज्ज्ञांची चर्चा ऐकून कुणाचं भलं झालेलं माझ्या पाहण्यात नाही.

डिसेंबरबद्दल वेगळं सांगायला हवं. आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी कॅथलिक मंडळीत तीन वर्षांच्या चक्राने मत्तय, मार्क किंवा लूक यांतला जो उतारा येतो, त्या तिन्हींत आज्ञा तीच आहे: जागे राहा. आणि नेमके तेच चार आठवडे आपल्या घरांत रंगकाम, करंज्या, केक, नवे कपडे, कॅरलच्या फेऱ्या, कुणी किती देणगी लिहिली यात जातात. मी सण साजरा करू नका म्हणत नाही, करंज्या मलाही हव्या असतात. फक्त त्या महिन्यात रात्रीची पंधरा मिनिटं कापू नका. कापली जातात ती आधी तीच.

आठवड्यातून एकदा, दुसऱ्यासमोर

एकट्याची वही कधी ना कधी स्वतःला सवलत देऊ लागते. मेथडिस्ट चळवळ उभी करणारा इंग्रज उपदेशक जॉन वेस्ली याने २५ डिसेंबर १७३८ रोजी छोट्या गटांसाठी नियम लिहिले. पुरुषांचे गट वेगळे, बायकांचे वेगळे, आठवड्याला एक बैठक, आणि प्रत्येकाला विचारायचे प्रश्न ठरलेले. मागच्या बैठकीनंतर कोणतं पाप जाणूनबुजून केलं? कोणत्या परीक्षा आल्या? त्यातून सुटका कशी झाली? पाप आहे की नाही अशी शंका येते असं काय बोललात, केलंत? आणि लपवून ठेवावंसं वाटतं असं काही आहे का?

आपल्याकडे हे जसंच्या तसं चालेल असं मला वाटत नाही. मंडळी लहान, सगळे नात्यातले, आज सांगितलेलं उद्या लग्नाच्या बोलणीत निघेल ही भीती खोटी नाही. म्हणून गट नको, एकच माणूस. आपल्यापेक्षा थोडा मोठा, तोंडाचा पक्का, शक्यतो दुसऱ्या मंडळीतला. महिन्यातून दोनदा चहा, आणि वेस्लीचा दुसरा व तिसरा प्रश्न एवढेच. परीक्षा कोणत्या आल्या, सुटलात कसे. यांतून बाकीचं आपोआप निघतं. नवरा-बायकोंनी एकमेकांची वही वाचू नये. वाचलीच तर भांडणात वापरू नये.

लहान मुलांना यात ओढू नका. झोपताना "आज कशाबद्दल देवाला थँक यू म्हणायचं, आणि कुणाला सॉरी?" एवढं पुरे.

वर्षअखेरीला

३१ डिसेंबरच्या रात्री आपल्या कितीतरी चर्चमध्ये वॉचनाइट, म्हणजे रात्री जागून करायची, उपासना होते. मेथडिस्टांमध्ये ही प्रथा ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांपासून सुरू झाली. शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात घालवणारे ते लोक, पालट झाल्यावर त्याच वेळी रात्री उशिरापर्यंत प्रार्थनेला बसू लागले. म्हणजे त्यांनी आपली सर्वांत कच्ची वेळ बरोबर हेरली होती. तुम्ही त्या संध्याकाळी चर्चला निघण्याआधी तासभर वर्षाची पानं चाळा. प्रत्येक महिन्यात कोणता शब्द जास्त आला ते पाहा, आणि जानेवारीचा ठराव त्यावरून घ्या. मग जुनी पानं फाडून टाका. घरात पडून राहिली तर कुणाच्या तरी हाती लागतील, शिवाय माफ झालेलं सांभाळून कशाला ठेवायचं?

मध्ये खंड पडणारच. आजारपण, लग्नघर, परीक्षेचे पेपर तपासणं, नुसता आळस. चार दिवस किंवा चार महिने गेले तरी मागची पानं आठवून भरत बसू नका, त्या रात्रीची तारीख घाला आणि धन्यवादापासून सुरुवात करा.